‘घर तुमचंच समजा’ म्हणणाऱ्या मालकाकडून आधी कागद घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या नाशिकमधे एक व्यवहार सर्रास चालतो आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. माणूस भाड्याने रहायला येतो, वर्षभर वेळेवर भाडं देतो, मालकाला माणूस बरा वाटतो, आणि मग एक दिवस मालक म्हणतो की अहो मला हे घर विकायचंच आहे, तुम्हीच घेऊन टाका, एकदम पैसे नसतील तर भाड्यावर थोडे जास्त देत जा, किमतीतून वळते करून घेऊ. भाडेकरू खूश, बायको खूश, गावाकडे फोन जातो की नाशकात घर होतंय. कागद काहीच नाही. सगळा व्यवहार शब्दावर.

माझं दुय्यम निबंधक ऑफिसजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरार, विसार पावत्या, साठेखतं (म्हणजे पुढे घर विकायचे करार), हरकतीचे अर्ज हेच दिवसभर टाईप करते. मी वकील नाही, पण माझ्याकडे येणारे वकील आणि त्यांच्या मागे हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभे असणारे पक्षकार दोघांनाही रोज बघते, आणि त्या पिशवीत काय असतं आणि काय नसतं हे मला चांगलं माहीत झालंय. त्यात लाईट बिल असतं, आधार कार्डाच्या झेरॉक्स असतात, मुलांच्या शाळेच्या पावत्या असतात. घर विकायचं ठरलं होतं असं सांगणारा एक कागद मात्र नसतो.

आमच्याच ओळखीतलं एक कुटुंब सांगते. नवरा अंबडला कंपनीत, पाथर्डी फाट्याकडे एका रो हाऊसमधे भाड्याने. भाडं आठ हजार होतं, मालकाने सांगितलं चौदा देत जा, वरचे सहा घराचे. पाच वर्षं दिले. मधे किचनचा ओटा नवा केला, वरची पाण्याची टाकी बदलली, मागच्या भिंतीला ओल येत होती ती स्वतःच्या खर्चाने दुरुस्त केली कारण घर आपलंच होणार. आता व्यवहार फिस्कटल्यावर मी त्यांच्या मोबाईलमधली फोनपेची हिस्ट्री बघितली. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला चौदा हजार गेलेत आणि खाली मेसेजच्या जागी प्रत्येक वेळी एकच शब्द, ‘रेंट’. का तर मालकच म्हणाला होता की तसं लिहा, हिशोबाला सोपं जातं. म्हणजे पुराव्याच्या नजरेने बघितलं तर हा माणूस पाच वर्षं चौदा हजार भाडं देतोय, घराच्या किमतीपोटी एक रुपया दिल्याचं कुठेच दिसत नाही. एक वही होती ज्यात मालक दर महिन्याला आकडा लिहून सही करायचा, ती वही मालकाकडेच.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. दर अकरा महिन्यांनी एजंट लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरती रहायची नुसती परवानगी देणारा, नवा कागद आणायचा आणि हे सही करायचे. त्या छापील मसुद्यात एक कलम असतंच असतं, मी स्वतः हजार वेळा टाईप केलंय, की सदर जागेत लायसन्सधारकास कोणत्याही प्रकारचा मालकी हक्क अथवा हितसंबंध निर्माण होणार नाही. त्यावर अंगठा आणि फोटोसकट सही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ मधे असं आहे की लायसन्सचा करार लेखी असेल तर त्यात लिहिलेली गोष्ट त्या वादात निर्णायक पुरावा धरली जाते. मुदत संपली की मालक घर रिकामं करून मिळावं म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस राहिलात त्याचे दुप्पट दराने पैसे मागू शकतो. ज्या घराचे तुम्ही हप्ते भरताय असं तुम्हाला वाटतं, त्याच घरात ‘माझा काही हक्क नाही’ असं तुम्ही दर अकरा महिन्यांनी लिहून देताय, हे कुणीतरी त्या माणसाला वेळेत सांगायला हवं होतं.

आता लोक दोन टोकाचं बोलतात. एक जण म्हणतो तोंडी व्यवहाराला काडीची किंमत नाही, दुसरा म्हणतो पाच वर्षं राहतोय, पैसे दिलेत, आता घर आपलंच, कोण काढतंय बघू. दोन्ही चूक. तोंडी करार आपल्या कायद्यात रद्दबातल नाही, घर विकण्याचा करारसुद्धा तोंडी होऊ शकतो, १९९० सालच्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलंय, पण त्याच निकालात हेही सांगितलंय की तसा करार झाला हे सिद्ध करायचा भार दावा लावणाऱ्यावर, आणि तो भार जड असतो. कोणतं घर, किंमत किती, पैसे कधी आणि कसे द्यायचे, खरेदीखत कधी करायचं, या सगळ्यावर दोघांचं एकमत झालं होतं हे दाखवावं लागतं. नुसतं ‘तुम्हालाच देईन’ म्हणाले होते, एवढ्यावर कोर्टात उभं राहता येत नाही.

आणि करार सिद्ध झाला तरी घर तेवढ्याने नावावर होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क येत नाही, तो नोंदणीकृत खरेदीखतानेच येतो. करारानुसार ताबा घेतलेल्या खरेदीदाराला कलम ५३अ चं ताबा टिकवायचं जे संरक्षण आहे ते लेखी करारालाच, आणि २००१ पासून तो करार नोंदवलेलाही लागतो. तोंडी व्यवहारवाल्याला त्याचा उपयोग शून्य. म्हणजे हातात उरतं काय, तर करार पूर्ण करून द्या असा दावा लावायचा, तोही मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत. बहुतेक लोक ही तीन वर्षं ‘शेठ आज नाहीतर उद्या करून देतील’ यातच घालवतात. दावा लावताना पैसे परत मिळण्याची मागणी वेगळी लिहून मागावी लागते, नाहीतर करार पूर्ण झाला नाही आणि पैसेही गेले असं होतं. शिवाय उरलेले पैसे द्यायची तयारी आणि ऐपत आपली होती हे दाखवावं लागतं, आणि इथे कामगार माणूस अडकतो कारण त्याची ऐपत म्हणजे बँकेचं लोन, आणि बँक साठेखताशिवाय फाईल उघडत नाही. कागद नाही म्हणून लोन नाही, लोन नाही म्हणून ऐपत नाही, आणि मालकाचा वकील उभा राहून म्हणतो यांच्याकडे पैसेच नव्हते.

हे वाचून घाबरून जाऊ नका, कारण खरेदीदार म्हणून बाजू लंगडी असली तरी भाडेकरू म्हणून पाय ठेवायला जागा आहे, आणि ती लोकांना माहीतच नसते. भाड्याचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अटी काय होत्या यावर वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे मालकाने काहीच कागद केला नसेल तर भाडं आठच हजार होतं, वरचे सहा भाडं नव्हते, असं म्हणायला तुम्हाला जागा आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पाणी तोडणं, लाईट कापणं, जिन्याला कुलूप घालणं हे कलम २९ खाली चालत नाही, कोर्टात अर्ज केला तर ते पुन्हा सुरू करून द्यायचा आदेश मिळतो. सामान बाहेर काढून दमदाटीने घर रिकामं करून घेतलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, मालक कोण हा प्रश्न तिथे निघतच नाही. चौकीत गेलं की ‘सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा’ असं सांगतात, पण कुलूप तोडून सामान रस्त्यावर टाकणं हे सिव्हिल मॅटर नाही, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

घर विकत घ्यायचं ठरलं म्हणून भाडेकरूपण आपोआप संपत नाही हेही लक्षात ठेवा. २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, दोघांनी तसं स्पष्ट ठरवलं नसेल तर भाड्याचं नातं चालू राहतं. याचे दोन अर्थ होतात. एक, मालक तुम्हाला उपरा म्हणून काढू शकत नाही. दुसरा, आपण आता खरेदीदार झालो म्हणून भाडं बंद करू नका. रागाच्या भरात लोक नेमकं हेच करतात, शेठने फसवलं, आता एक पैसा देणार नाही, आणि मालकाच्या हातात थकबाकीचा दावा आयता देऊन बसतात. भाडं द्यायचंच. घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा, परत आलेली मनीऑर्डर नीट ठेवा. भाडेकरूला थकबाकीसाठी काढायचं तर मालकाला आधी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून तर मालक तो कागद एवढ्या आवर्जून करून घेतात.

आता वर्तमानपत्राशी थेट संबंध असलेला मुद्दा. त्या कुटुंबाला घर दुसऱ्याला विकलं जातंय हे कळलं कसं, तर पेपरातल्या जाहीर नोटीसवरून. आतल्या पानावर बारीक टाइपात त्या येतात, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’, खाली सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, आणि कुणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास इतक्या दिवसांत पुराव्यासह हरकत घ्यावी. शेजारच्या भावजींनी दुसऱ्याच कामासाठी तो पेपर चाळला म्हणून दिसलं. मी त्यांची हरकत टाईप करून दिली आणि ती रजिस्टर पोस्टाने नोटीस देणाऱ्या वकिलांना गेली. याचा उपयोग असा की, विकत घेणाऱ्याला तुमच्या व्यवहाराची माहिती नसेल आणि त्याने प्रामाणिकपणे पूर्ण पैसे देऊन घर घेतलं तर तो कायद्याने सुरक्षित राहतो, पण माहिती मिळाल्यावर त्याला तसं म्हणता येत नाही. त्याच्याही पुढची गोष्ट अशी की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ प्रमाणे घराचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या हक्काची माहिती विकत घेणाऱ्याला आहे असंच धरलं जातं. म्हणजे तुम्ही घरात रहाताय हीच एक नोटीस आहे. म्हणून भांडण सुरू झाल्यावर ‘तात्पुरतं’ दुसरीकडे रहायला जा असं कुणी गोड बोलून सांगितलं तर जाऊ नका, आणि गेलातच तर काहीतरी लेखी घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

मालक शब्द का फिरवतात हे आपल्याला इथे बसून दिसतंच. समृद्धी महामार्ग सुरू झाला, सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, रिंग रोडची चर्चा आहे, पाच वर्षांपूर्वी ठरलेल्या किमतीत आज मालकाला परवडत नाही असं वाटायला लागतं. दरवेळी मालक लबाडच असतो असंही नाही. कित्येकदा शब्द देणारा बाबा वारतो आणि मुंबई-पुण्यातली मुलं येऊन म्हणतात आम्हाला यातलं काही माहीत नाही. वडिलांनी केलेला करार वारसांवरही बांधील असतो, पण तो झाला होता हे सांगणारा एकमेव माणूस गेलेला असतो. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमधे तर मालकीच पाच भावंडांत, आणि शब्द दिलेला एकाने. सिडकोत वेगळा घोळ आहे, तिथलं मूळ वाटप लीजवरचं, ज्याच्या नावावर घर तो एक, मधे दोन मुखत्यारपत्रं, आणि आज भाडं घेणारा तिसराच. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मधेच स्पष्ट केलंय, मग ज्याच्या स्वतःच्याच नावावर घर नाही तो तुम्हाला काय विकणार? पैसे द्यायच्या आधी प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, घरपट्टीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा उतारा) बघा. सगळ्यांवर एकच नाव आहे का एवढं बघायला वकीलही लागत नाही.

रोख रकमेबद्दल एक सांगायलाच हवं. घराच्या व्यवहारापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. आणि २०२५ च्या एप्रिलमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं कुणी दाव्यात लिहिलं तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवायचं. म्हणजे रोख देऊन बसलेल्या माणसाला दावा लावतानाही धाकधूक. सरळ खात्यातून द्या.

जे लोक आज या व्यवहारात आहेत आणि मालकाशी अजून संबंध चांगले आहेत त्यांनी हे पत्र वाचल्यावर एक काम करावं. पुढच्या महिन्याचे पैसे पाठवताना दोन वेगळे ट्रान्सफर करा, एक भाड्याचा, एक किमतीपोटीचा, आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका: ‘शेठ, या महिन्याचे आठ हजार भाडं आणि सहा हजार रो हाऊसच्या ठरलेल्या किमतीपोटी पाठवलेत, आजपर्यंत किमतीपोटी इतके झाले, बरोबर ना?’ त्याखाली मालकाचा नुसता ‘ओके’ आला तरी तो फार मोलाचा आहे. फोन बदलताना ते चॅट उडू देऊ नका, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा चालतो, पण त्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा. ओटा केला, टाकी बसवली, त्याची बिलं ठेवा. ती वही मालकाकडे असेल तर पानांचे फोटो काढून घ्या.

पण खरं काम म्हणजे साठेखत करून नोंदवणं. लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होतात आणि त्यालाच साठेखत समजतात. टाळतात ते स्टॅम्प ड्युटीमुळे हे मला काउंटरवर बसून माहीत आहे. ताबा आधीच भाडेकरूकडे असेल तर साठेखताला खरेदीखताएवढीच ड्युटी लागू शकते, २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका भाडेकरूच्या केसमधे तसं ठरवलंय. रक्कम मोठी वाटते, पण एकदा भरलेली ड्युटी पुढे खरेदीखताच्या वेळी वळती होते, आणि नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. पाच वर्षं दर महिन्याला सहा हजार म्हणजे तीन लाख साठ हजार होतात. त्या पैशांना कागदाचा आधार नको का? बिल्डरला तर रेरा या बांधकाम व्यवसायावरच्या कायद्याने बांधून टाकलंय, नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. एका घराचा मालक आणि त्याचा भाडेकरू यांच्यात असा काहीच नियम नाही, तिथे सगळं भाडेकरूच्या भोळेपणावर सोडलंय, आणि माझं मत असं की रेरासारखीच एक मर्यादा इथेही हवी.

प्रामाणिक मालकांनाही हे सांगणं आहे. कागद केलात तर उद्या भाडेकरू उठून खोटी किंमत सांगू शकत नाही. तुमच्या मुलांनाही कळेल बाबांनी काय ठरवलं होतं.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि सातपूर-अंबडमधे फार कमी जणांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे औद्योगिक कामगारालाही मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. जाहीर नोटीस छापताना सर्व्हे नंबरसोबत कॉलनीचं नाव, घराचा नंबर आणि जवळची खूण छापायचा आग्रह आपण जाहिरातदार वकिलांकडे धरावा. भाडेकरूला सर्व्हे नंबर माहीत नसतो, त्याला ‘पाण्याच्या टाकीमागची रो हाऊस’ एवढंच माहीत असतं, आणि हरकतीची मुदत सात किंवा पंधरा दिवसांची असते. तसंच दुय्यम निबंधक ऑफिसांनी भाडेकरार नोंदवताना दोघांना एकच प्रश्न विचारावा, की या घराच्या विक्रीबद्दल तुमच्यात काही ठरलंय का, आणि जे उत्तर येईल ते त्याच करारात एका ओळीत लिहून घ्यावं.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक